प ग सा ग

दुपारी मॅन्डोलिन हातात घेतलं की बोटं आपसूक ‘सोल्जर्स जॉय’ या जुन्या नाचाच्या धुनेकडे वळतात. प ग सा ग, प ग सा ग, प सां सां. पट्टी पांढरी दोन. ‘सा’ उघड्या डी तारेवर, ‘प’ उघड्या ए तारेवर, ‘ग’ डी तारेच्या चौथ्या पडद्यावर मधल्या बोटाने, वरचा ‘सां’ ए तारेच्या पाचव्यावर अनामिकेने. डाव्या हाताला काही कामच नाही, म्हणून शिकणारे सगळे या धुनेपासून सुरुवात करतात आणि उजव्या हातात अडकतात.

नखी एकदा खाली, एकदा वर. ‘प’ खाली मारला की नखी ए तारेच्या पलीकडे गेलेली असते, आणि पुढचा ‘ग’ डी तारेवर वरच्या आघाताने हवा असतो. म्हणजे ए तार ओलांडून मागे यायचं. ‘सा ग’ त्याच तारेवर होतात, की पुन्हा ‘प’साठी डी ओलांडायची. लय चढली की हात ही उडी चुकवायला सलग दोनदा खाली मारतो आणि तिथून सगळं उलटं. मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून फक्त ही चार अक्षरं घोटावीत.

पुढे तो लांब ‘सां’. फिडलवाला गज ओढत राहतो. आपला सूर मात्र लगेच विरतो. मग काही जण तिथे ट्रेमोलो लावतात, म्हणजे तोच सूर भराभर खाली-वर छेडत राहतात. नाचाच्या धुनेत! ‘सां’ एकदाच वाजवावा आणि हात तारेला न लागता हवेतच वर जाऊ द्यावा. हात थांबला, की पुढची मात्रा उलट्या आघातावर आलीच.

धून कुणाची, याचा पत्ता नाही. स्कॉटलंडमध्ये आहे, आयर्लंडमध्ये आहे, स्कँडिनेव्हियातही आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ च्या सुमारास आपल्या ‘द जॉली बेगर्स’ या काव्यातल्या सैनिकाच्या गाण्याला हीच चाल घेतली. अमेरिकेत सांगतात, यादवी युद्धातल्या सैनिकांच्या व्हिस्की, बिअर आणि मॉर्फिनवरून हे नाव पडलं. गोष्ट झकास आहे, पण युद्ध १८६१ चं, मॉर्फिन एकोणिसाव्या शतकातलं, आणि धून या नावानिशी अठराव्या शतकातच छापलेली.

मूळच नाही, तेव्हा अस्सल पाठही नाही. आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, एवढं सांभाळलं की मधले सूर कुणी कसेही फिरवावेत. चुकलं म्हणायची सोय नाही.

ट्रेमोलोवाल्यांना मात्र मी म्हणणार.