दिवा विझला की गाडी ऐकते

तक्रारीत ‘कधी कधी’ हा शब्द आला की आम्हा वायरिंगवाल्यांच्या पोटात गोळा येतो. जी वस्तू कायम बंद आहे ती शोधायला सोपी. कधी कधी बंद पडणारी वस्तू गॅरेजच्या दारात आली की हटकून शहाण्यासारखी वागते.

काकांची तक्रार नेमकी तशीच होती. रिमोटने गाडी कधी कधी लॉक होत नाही. रिमोटचा सेल बदलून झाला होता, दुसरी चावी वापरून झाली होती, दोन्ही चाव्यांची वागणूक सारखीच. त्याआधी एका वर्कशॉपमध्ये ड्रायव्हरच्या दाराचं अख्खं लॉक बदललं होतं. दुसऱ्या एकाने ‘बीसीएम गेला’ म्हणून सांगितलं होतं. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, काचा, लॉक या सगळ्यांचा कारभार बघणारा डबा. तो महाग असतो आणि बदलला की नव्याने जुळवून घ्यावा लागतो. ज्याला दोष सापडत नाही तो बीसीएमवर बोट ठेवतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं काही वाटत नाही.

लॉक बदलणाऱ्याला मात्र मी मूर्ख म्हणणार नाही. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत दार उघडं आहे की बंद हे सांगणारा बारीक स्विच लॉकच्या आतच असतो. तो अडकला की बीसीएमला दार उघडंच वाटतं आणि तो रिमोटचं ऐकत नाही. म्हणजे त्याचा अंदाज बरोबर होता. फक्त तो अंदाज स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलशी बोलणारं यंत्र, लावून पाहायचे कष्ट घेतले नव्हते. त्याच्या लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणी मॉड्यूलला काय दिसतंय त्या यादीत, दाराची ओळ असते, दार लावल्याबरोबर ‘उघडे’चं ‘बंद’ होतं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. मी पाहिलं, होत होतं. चारही दारं आणि डिकी, सगळं चोख. मॉड्यूलने नोंदवलेला दोष, म्हणजे फॉल्ट कोड, एकही नाही. गॅरेजमध्ये रिमोट जवळून चालला, लांबून चालला, भिंतीआडून चालला.

इथे एक गोष्ट सांगतो, जी बाहेरच्यांना माहीत नसते. गाडी आत आली की आमचा पोऱ्या पहिलं काम कुठलं करत असेल, तर छतातल्या दिव्याचा स्विच बंदवर टाकणं. दारं तासन्‌तास उघडी राहतात, दिवा जळत राहतो, संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येतं तेव्हा बॅटरी उतरलेली असते आणि बोलणी आम्ही खातो. म्हणून सगळीकडेच ही सवय असते. गाडी परत देताना स्विच पुन्हा ‘डोअर’वर, म्हणजे दार उघडलं की दिवा लागेल असा. इतकं सवयीचं काम, की कोणी जॉब कार्डवर लिहीत नाही, कोणाच्या लक्षातही राहत नाही.

काका न्यायला आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, “काही सापडलं नाही, खोटं कशाला सांगू. पण तुम्ही रोज जे करता तेच इथे करून दाखवा. जसंच्या तसं.”

“अहो, करायचं काय त्यात? गाडी लावतो, उतरतो, दार लावतो, चालायला लागतो आणि बटण दाबतो. तेव्हा ती ऐकत नाही. फाटकापर्यंत जाऊन वैतागून परत आलो की ऐकते. जरा निवांत झाली की ऐकते बघा.”

त्यांनी करून दाखवलं. स्विच एव्हाना ‘डोअर’वर आलेला होता. ते उतरले, दार लावलं, दहा-बारा पावलं चालले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नाही. आणि मला काचेतून आतला दिवा दिसत होता, पांढराफटक, दार लावल्यावरही जळत राहिलेला. त्यात नवल काही नाही, उतरल्यावर थोडा वेळ उजेड मिळावा म्हणून बीसीएमच तो चालू ठेवतो. तो विझू लागला, विझताना थरथरला, आणि विझल्यावर काकांनी बटण दाबलं तर चारही इंडिकेटर लुकलुकले. खटॅक.

निवांत झाली की ऐकते! माणसाने दोष अचूक सांगितला होता, फक्त आमच्या भाषेत सांगितला नव्हता.

“काका, आतला दिवा बदललाय का?”

“नाही हो. म्हणजे बल्ब बदलला, दिवा तोच आहे. पुतण्याने बसवून दिले सगळे एलईडी. जुन्या पिवळ्या उजेडात मला काही वाचता येत नाही.”

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, गाडीत काही नवीन बसवलंय का. उत्तर आलं होतं, नाही. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही. त्याच्या हिशेबी बल्ब ही ‘बसवायची’ वस्तूच नाही. स्टिरिओ बसवतात, कॅमेरा बसवतात, बल्ब फक्त बदलतात.

पुढची तपासणी अगदी थोडक्यात आटपली. दिव्याचा स्विच बंद: रिमोट लांबून चालतो. स्विच चालू: काचेला हात टेकवून उभं राहिलं तरच चालतो, चार पावलं मागे आलं की मेला. मग कव्हर काढलं. आत मूळचा असतो तो दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला फेस्टून प्रकारचा बल्ब, सी५डब्ल्यू म्हणजे ५ वॉटचा. त्याच्या जागी एलईडीच्या ठिपक्यांनी भरलेली पट्टी, मागे ॲल्युमिनियमचं फिन, आणि पट्टीच्या पोटात एक बारीक कॉइल. कॉइल दिसली आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला. खणातला जुना फिलामेंटचा बल्ब लावला, दिवा चालू ठेवला, मागे गेलो, बटण दाबलं. लॉक. पोऱ्याने नकळत शिट्टी वाजवली.

एलईडीला थेट १२ व्होल्ट चालत नाहीत, करंट आवरावा लागतो. साधा मार्ग रेझिस्टरचा, त्यात उष्णता वाया जाते. हुशार मार्ग स्विचिंग ड्रायव्हरचा, म्हणजे करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायचा आणि कॉइलने तो सपाट करून घ्यायचा. मार्ग उत्तम आहे, पण त्या चालू-बंदचा रेडिओ-गोंगाट बाहेर पडू नये म्हणून सोबत फिल्टरही लागतो, आणि स्वस्त बल्बात पहिला कट त्यालाच लागतो. मग होल्डरपर्यंत आलेली वायर ॲन्टेनाचं काम करते. रिमोट बोलतो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, तेही मिलिवॉटच्या घरातल्या ताकदीने. या गाडीत रिमोटचा रिसीव्हर छतात, आरशामागे होता, दिव्यापासून वीतभर. कानाशी मिक्सर चालू असताना पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारावी, तशी गत.

मी खिशातला जुना रेडिओ मीडियम वेव्हवर, जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा जागी लावला आणि दिव्याजवळ नेला. घर्रर्र. हात लांब केला की कमी, जवळ नेला की जास्त. फिलामेंटचा बल्ब लावून तेच केलं तर शांत. हा काही ४३३चा पुरावा नव्हे, मीडियम वेव्ह कुठे आणि ४३३ मेगाहर्ट्झ कुठे. पण बल्ब गोंगाट करतोय की नाही याचा वास लागायला हे यंत्र पुरतं, आणि ते कुठल्याही स्कॅनरच्या मेन्यूत नाही. आजकालची पोरं स्कॅनर लावतात, कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजतात. बीसीएमला ऐकूच आलं नाही, तर तो तक्रार कसली नोंदवणार?

पुतण्याला फोन लावला तर तो म्हणाला, “पण ते कॅनबस आहेत.” ‘कॅनबस’ हा शब्द छापलेला बल्ब लोक डोळे झाकून घेतात. कॅन म्हणजे बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली, गाडीतल्या कंट्रोलरनी एकमेकांशी बोलायची पद्धत. छतातला बल्ब त्या संभाषणात भागच घेत नाही, त्याला फक्त सप्लाय मिळतो किंवा मिळत नाही. ‘कॅनबस’ बल्ब म्हणजे एवढंच, की आत एक जास्तीचा रेझिस्टर टाकलेला असतो, म्हणजे बल्ब गेल्याची तपासणी करणाऱ्या बीसीएमला वाटावं की जुनाच बल्ब आहे. ५ वॉटचा फिलामेंट ०.४ अँपिअर ओढतो, एलईडी त्याच्या पाचव्या हिश्शातही भागवतो, उरलेलं हा रेझिस्टर ओढून दाखवतो. वीज वाचवायला एलईडी घ्या आणि वाचलेली वीज प्लॅस्टिकच्या कव्हराखाली जाळा! काही गाड्यांत कव्हर पिवळं पडलेलं, वाकलेलं मी पाहिलंय. गाडीतल्या रेडिओ आणि रिसीव्हरना त्याच गाडीतल्या वस्तूंचा त्रास होऊ नये म्हणून सिस्पर २५ नावाचं मानक आहे, गाडी बनवणारे त्यावर भागांची चाचणी घेतात. बल्बच्या पाकिटावर ते कोणी शोधत नाही. ‘कॅनबस’ शोधतात.

मी काकांना फिलामेंट घालूनच देणार होतो. पण त्यांना खरंच वाचायचं असतं, गाडीत बसून बायकोच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचतात. आणि एलईडीशी माझं वैर नाही. म्हणून कॉइल नसलेला, साधा रेझिस्टरवाला एलईडी लावला. एकदा उलटा बसला म्हणून लागला नाही, टोकं फिरवून घातला की लागला. फेस्टून कुठल्याही बाजूने बसतो, एलईडी मात्र एकाच बाजूने पेटतो, आणि यावरून कितीतरी चांगले बल्ब कचऱ्यात गेलेत. रेडिओ शांत, रिमोट लांबून चालला, दिवा विझतानाची थरथरही गेली. काका खूश.

रात्री फोन. “अहो, आता दिवा विझतच नाही. म्हणजे विझतो, पण मिणमिणतो.”

हे दुखणं मला ओळखीचं होतं, पण दर वेळी मोजून घेतल्याशिवाय मी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी दिवा बंद असताना रिकाम्या होल्डरवर मल्टिमीटर लावला: ९ व्होल्टच्या वर. तिथेच टेस्ट लॅम्प लावला: पेटला नाही, आणि मीटर शून्यावर. नुसत्या मीटरवर विश्वास ठेवणारा इथे शॉर्ट शोधत अख्खं छत उतरवेल, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही आणि त्याला भुतंही खरी दिसतात. बीसीएमच्या आतला इलेक्ट्रॉनिक स्विच बंद असतानाही थोडा करंट सोडतो, बल्ब जागेवर आहे की नाही हे चाचपायला. मोजला तर अर्धा मिलिअँपिअर भरला. फिलामेंट थंड असताना जेमतेम दोन-तीन ओहमचा, तो हा करंट गिळून टाकतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. एलईडीला मिणमिणायला तेवढा पुष्कळ.

उपाय म्हणजे दिव्याच्या दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर. अर्धा मिलिअँपिअर त्यातून गेला की टोकांवर अर्धा व्होल्ट उरतो, आणि ओळीने तीन जोडलेल्या पांढऱ्या एलईडींना उजळायला साडेसात-आठ तरी लागतात. दिवा चालू असताना, १४ व्होल्टला, रेझिस्टर १४ मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे ०.२ वॉट. कोमट होतो, तापत नाही. हे काम मी पोऱ्याला दिलं नाही. होल्डरच्या पत्र्यांना थेट डाग द्यायचा नाही, प्लॅस्टिक मऊ पडतं आणि पत्र्याची पकड जाते. मागच्या कनेक्टरशी टॅप घेतला, दोन्ही पायांवर स्लीव्ह चढवली, वरून श्रिंक ट्यूब, आणि रेझिस्टर कव्हरापासून लांब, आतल्या धातूच्या बाजूला क्लिपने पकडला. कव्हर लावल्यावर कोणाला दिसणार नाही इतकं नीट काम झालं. पण बिलावर ते ‘रेझिस्टर – १’ असं दिसतं, आणि गिऱ्हाईकाला त्या ओळीपुढची मजुरी समजावणं हे सोल्डरिंगपेक्षा अवघड. लॉक बदललं की हातात जुनं लॉक देता येतं. शोधून काढलेली गोष्ट हातात काय देणार?

काकांनी तक्रार न करता पैसे दिले. पण जुन्या लॉकचं विचारलंच. ते चांगलं होतं ना, मग त्यांनी का बदललं? मी खरं ते सांगितलं, की त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. ते काकांना पटलं नाही, आणि पटावं अशी अपेक्षाही नव्हती. मला स्वतःला मात्र ते अजून खुपतं. गाडी पाहणाऱ्या प्रत्येकाने, मी धरून, पहिल्यांदा दिव्याचा स्विच बंद केला असणार आणि मगच तपासणीला सुरुवात केली असणार. आता आमच्याकडे तक्रार गिऱ्हाईकासमोर करून पाहिल्याशिवाय त्या स्विचला हात लावायचा नाही, असं मी सांगून ठेवलंय. पोरं कुरकुरतात, बॅटऱ्या उतरतात म्हणतात. खरं आहे, उतरतात. चार्जर लावा म्हणतो.

काढलेले बल्ब न्यायला पुतण्या आला. मी टेबलावर रेडिओचा घर्रर्र ऐकवला, त्याने मान डोलावली आणि बल्ब खिशात टाकून गेला. परवा फोन आला. तेच बल्ब त्याने स्वतःच्या गाडीत घातलेत. त्याच्या गाडीत रिसीव्हर डॅशबोर्डच्या खाली आहे, छतापासून लांब. रिमोट फाटकाबाहेरूनही चालतो. “दादा, बल्ब तर एकदम ओके आहेत,” म्हणाला.