तुम्ही विचारलंत म्हणून: सुवर्णकमळ मिळूनही सुमित्रा भावे दुर्लक्षित कशा?

पिक्चरवेड्या लोकांत बसलं की गप्पा ठरलेल्या असतात, हल्ली काय बघितलं, कुठला आपटला, कुठला उगाच चालला, आणि मग कोणीतरी विचारतंच की मराठीतला सगळ्यात दुर्लक्षित दिग्दर्शक कोण. माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. त्यावर समोरून हमखास येतं की अगं काहीही काय, ज्यांना सुवर्णकमळ मिळालं, एवढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले त्या दुर्लक्षित कशा? इतक्या जणांनी विचारलंय हे की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी सुवर्णकमळाचंच बोलू. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आजवर पाच मराठी सिनेमांना मिळालाय, श्यामची आई, श्वास, देऊळ, कोर्ट आणि कासव, त्यातला कासव भावे-सुकथनकरांचा. आता तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारून बघा. श्यामची आई सगळ्यांना माहीत, श्वास शाळेतून दाखवायला नेलेला असतो, देऊळ टीव्हीवर बघितलेला असतो, कोर्ट बघितला नसला तरी त्याबद्दल मत असतं. कासव म्हटलं की 'हो हो, नाव ऐकलंय'. मी हा प्रयोग पुण्यात केलाय, जिथे सुमित्राताई राहिल्या, जिथे त्यांनी काम केलं, आणि फेस्टिव्हलचा पास काढून रांगेत उभ्या राहणाऱ्या लोकांत केलाय. तिथेही तेच. म्हणजे पुरस्कार मिळाला म्हणून लोकांनी बघितला असं आपण धरून चालतो ते मुळात खरं नाहीये.

का होतं असं, तर बघा ना, कासवचा पुरस्कार जाहीर झाला एप्रिल २०१७ मध्ये आणि पिक्चर थिएटरला लागला ऑक्टोबरमध्ये, तोपर्यंत पेपरातल्या बातम्या शिळ्या झालेल्या. त्यांचाच अस्तु तर २०१३ चा, त्यातल्या कामासाठी अमृता सुभाषला सहाय्यक अभिनेत्रीचा आणि सुमित्राताईंना संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि थिएटरात आला २०१६ ला. एवढं थांबून आला तरी अशा पिक्चरला मिळतं काय? शहरात मोजके शो, त्यातला एक सकाळी अकराचा, एक दुपारी पावणेतीनचा, वर्किंग डेला. नोकरी करणाऱ्या माणसाने जायचं कधी? शुक्रवार ते रविवार गर्दी दिसली नाही की सोमवारपासून शो कमी आणि पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी पिक्चर आला की विषय संपला. अशा सिनेमाला माउथ पब्लिसिटी लागते आणि ती पसरायला आठ-दहा दिवस तरी हवेत, तेवढ्यात तो उतरलेला असतो. आणि मग आपणच म्हणतो पडला. अहो पडला कुठे, उभाच राहू दिला नाही. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायची सक्ती जाहीर केली होती, त्यावर केवढा गदारोळ झाला आणि लगेच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ताणली गेली. दुपारी बारा म्हणजे प्राइम टाइम!

माझा मावसभाऊ यावर नेहमी भांडतो. तो म्हणतो तू थिएटरवाल्यांना दोष देतेस पण खरं कारण वेगळंय, हे एनजीओ टाइप पिक्चर आहेत, देवराईत स्किझोफ्रेनिया, नितळमध्ये कोड, अस्तुमध्ये डिमेन्शिया, कासवमध्ये डिप्रेशन, दिवसभर ऑफिस करून आलेला माणूस पैसे देऊन आजार कशाला बघेल? यादी त्याची बरोबर आहे, आणि ते कुठून आलं तेही सांगते. सुमित्राताई मूळच्या समाजशास्त्राच्या. शिकवणं, वस्त्यांमध्ये काम, बायकांच्या आयुष्यावर संशोधन हे सगळं आधी. मग लक्षात आलं की हे संशोधन ज्या बायकांबद्दल आहे त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही, कारण वाचता येत नाही, पण पडद्यावर दाखवलं तर पोचेल. त्यातून १९८५ ला बाई नावाची शॉर्ट फिल्म, मग पाणी, आणि १९९५ ला दोघी. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्या स्वतः शिकलेल्या नव्हत्या, सुकथनकर तिथून शिकून आलेले. तिथून पुढे दोघांनी मिळून सिनेमे केले, लिहायच्या प्रामुख्याने त्या आणि गाणी पुष्कळदा सुकथनकरांची.

पण यादी बरोबर असली तरी मावसभावाचा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. अस्तुमध्ये काय होतं सांगते. संस्कृतचे प्रकांड पंडित असलेले निवृत्त प्राध्यापक, डॉ. मोहन आगाशेंनी केलेत, स्मृती चाललीये, मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खाली उतरते आणि तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो. हे उतरतात आणि लहान मुलासारखे हत्तीच्या मागे चालायला लागतात. पुढचा निम्मा सिनेमा मुलगी शोधतेय आणि हे त्या माहुताच्या कुटुंबाबरोबर आहेत. माहुताची बायको, अमृता सुभाष, तिला यांचं नाव माहीत नाही, विद्वत्ता माहीत नाही, भाषाही धड जुळत नाही, तिला एवढंच दिसतं की हा म्हातारा लेकरू झालाय. आणि ती त्याला लेकरासारखं भरवते, सांभाळते, त्याच्यासाठी ती आईच होते. आता मला सांगा यात आजाराची माहिती कुठे आहे? माणूस म्हणजे त्याला जे आठवतं तेवढाच का, आठवणी गेल्या तरी तो माझा बाप राहतो का, हा प्रश्न आहे आणि तो विचारायला त्यांनी रस्त्यावर हत्ती आणलाय! ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी मुलीचं काम बघावं, इरावती हर्षेने चिडणं, थकणं आणि त्या चिडण्याची लाज वाटणं एका चेहऱ्यावर आणलंय.

दुसरं म्हणजे त्यांच्या सिनेमात सहसा व्हिलन नसतो, आणि मला वाटतं प्रेक्षक नेमका तिथे बिचकतो. कोणावर राग काढायचा ते कळत नाही. दहावी फ मध्ये मुलं चिडून शाळेची लॅब फोडतात, दुसरा दिग्दर्शक असता तर मुलं विरुद्ध शाळा असा सामना लावला असता. इथे अतुल कुलकर्णीचे सर मुलांना म्हणतात नुकसान आपण भरून देऊ, कमवून. आणि मग मुलं खरंच कामं शोधतात. २००२ चा पिक्चर आहे आणि आजही दहावीच्या मुलांना दाखवला तर चिडीचूप बघतात, हे मी स्वतः बघितलंय.

मला सगळंच आवडतं असं नाहीये हां. घो मला असला हवा मला जमलेला वाटत नाही, तो खट्याळपणा ओढूनताणून आल्यासारखा वाटतो. आणि काही ठिकाणी पात्रं जरा जास्त समजावून बोलतात, जे चेहऱ्यावर आलेलंच असतं ते पुन्हा वाक्यात येतं. ही तक्रार रास्त आहे. पण दिठी बघा, तिथे हे सगळं गळून गेलंय. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा सिनेमा, वर्षानुवर्षं वारी करणारा रामजी लोहार, किशोर कदम, त्याचा तरणा मुलगा पाण्यात वाहून गेलाय, विठ्ठलावरचा विश्वास पार ढवळून निघालाय, घरात सून बाळंत झालीये तिचं तोंड बघवत नाही, बाहेर पाऊस थांबत नाही आणि गावात एक गाय अडलीये जिला सोडवायची कला फक्त याच्या हातात आहे. एवढंच. वासरू बाहेर येतं तेव्हा त्या माणसाच्या आत काय होतं ते कोणी बोलून दाखवत नाही, दाखवायची गरजच पडत नाही. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात मोठा सिनेमा. १९ एप्रिल २०२१ ला सुमित्राताई गेल्या आणि दिठी त्यानंतर मे महिन्यात सोनी लिव्हवर आला, कोविडची दुसरी लाट चालू होती तेव्हा. बरेच जण म्हणतात तेव्हा बघायची ताकद नव्हती. समजू शकते मी, पण आता बघा ना.

यावर कोणी म्हणेल की असे बाकीचेही आहेत, एकट्या यांचंच काय. आहेतच, आणि त्यांच्यासाठीही मी भांडते! श्वास ऑस्करला भारताकडून गेला, सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, तो २००४ ला आला आणि संदीप सावंत यांचा पुढचा सिनेमा, नदी वाहते, २०१७ ला. मधल्या तेरा वर्षांत आपण काय गमावलं याचा हिशोब कोणी केलाय का? मंगेश जोशींचा लेथ जोशी, वर्कशॉप बंद पडल्यावर लेथ मशीनवरचा कसबी कामगार घरी बसतो आणि बायको, मुलगा, अख्खं शहर पुढे निघून जातं, पुण्या-पिंपरीतल्या किती घरांची ही गोष्ट आहे, चित्तरंजन गिरी त्यात जेमतेम बोलतात आणि तरी सगळं कळतं. उमेश कुलकर्णींचा वळू सगळ्यांना पाठ, विहीर विचारला तर शांतता. त्या विहीरमध्ये पाण्यात गेलेला नचिकेत म्हणजे आलोक राजवाडे, आणि पुढे कासवमध्ये मरणाच्या दारातून परत आलेला मुलगा पण तोच. हे दोन पिक्चर लागोपाठ बघा असं मी मुद्दाम सांगते, वेगवेगळ्या दिग्दर्शकांचे असून एकाने प्रश्न टाकल्यावर दुसऱ्याने उत्तर दिल्यासारखं वाटतं.

तरीही माझं उत्तर भावे-सुकथनकरच, कारण बाकीच्यांना निदान सिनेमा करायलाच मिळाला नाही असं म्हणता येतं. इथे काम झालंय, भरपूर झालंय, दोघीपासून दिठीपर्यंत पंचवीस वर्षांचं, दिल्लीने त्याची दखल घेतली, आणि राहिलो फक्त आपण, ज्यांच्यासाठी ते केलं ते.

आता पुढचा प्रश्न असतो सुरुवात कुठून करू. घरात म्हातारी माणसं असतील तर अस्तु. शाळकरी मुलं असतील तर दहावी फ. कोकणातले असाल तर एक कप च्या, त्यातल्या एसटी कंडक्टरला अवाच्या सवा लाइट बिल येतं आणि तो माहितीच्या अधिकारात अर्ज करतो, हसू पण येतं आणि रागही येतो. एकटं बसून बघणार असाल तर दिठी, रात्री, मोबाइल बाजूला ठेवून. मावसभावाला मी अजून नितळ दाखवलेला नाही, दिवाळीत तो चार दिवस येतोय, तेव्हा लावणार आहे.