पाऊण ओहम

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. दहावीचं विज्ञानाचं जर्नल अजून आहे, १९८४ सालचं. ओहमच्या नियमाच्या पानावर एक आकडा खोडलेला आहे. ०.६० खोडून शेजारी ०.५२ लिहिलंय आणि खाली सरांची लाल सही.

प्रयोग साधा होता. नायक्रोमची तार, सेल, धारा कमीजास्त करायला सरकता रिओस्टॅट, धारा मोजायला तिच्या वाटेत अमीटर आणि दाब मोजायला तारेच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर. दीड व्होल्टला ०.३० अँपिअर आले. रिओस्टॅट सरकवून व्होल्टमीटरवर बरोबर ३ व्होल्ट आणले, तर अमीटर ०.५२ दाखवत होता. नियमानं दाब दुप्पट तर धाराही दुप्पट, म्हणजे ०.६० यायला हवं होतं, आलेख सरळ रेषेत बसायला हवा होता. मी ०.६० लिहून मोकळा झालो.

सर मागंच उभे होते. म्हणाले, "हे साठ मीटरनं तुला दिलं, का तू मीटरला दिलंस?"

मी गप्प. ते रागावले नाहीत. रोध काढायला ३ भागिले ०.५२ करायला लावलं. ५.७७ आलं. "तार ५ ओहमची. वरचा पाऊण ओहम कुठं बसलाय, हुडक."

व्होल्टमीटरच्या वायरी त्यांनी माझ्या हातात दिल्या. एकेका जोडावर दोन्ही टोकं टेकवत गेलो. तारेच्या उजव्या स्क्रूशी आलो आणि काटा हलला, ०.४ व्होल्ट. माझ्या कोपराचा धक्का लागून तिथली वायर सैल झाली होती. ०.४ भागिले ०.५२, म्हणजे ०.७७. सापडला! स्क्रू आवळला, रिओस्टॅटनं पुन्हा ३ व्होल्ट आणले आणि अमीटर ०.६०वर जाऊन थांबला. तरी जर्नलात ०.५२च लिहायला लावलं आणि कारण पुढं लिही म्हणाले.

मग सरांनी अख्ख्या वर्गाला तो स्क्रू दाखवला. इथं ०.४ गुणिले ०.५२ म्हणजे जेमतेम ०.२ वॅट, हाताला समजतही नाही. हाच सैल जोड घरच्या मेन स्विचमध्ये १५ अँपिअरला असेल तर? १५ गुणिले १५ गुणिले ०.७७. फळ्यावर १७३ वॅट आले. शंभराच्या दोन बल्बांची होईल जवळपास तेवढी ऊब, स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत.

ओहम हा जर्मनीत कोलोनला शाळामास्तर होता, बाप कुलपं करणारा, हे सांगताना सरांचा आवाज वेगळा व्हायचा. सेलचा दाब टिकत नाही म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ यांचा जोड तापवून स्थिर दाब मिळवला आणि १८२७ साली नियम छापला. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. सेलचा दाब उतरू नये म्हणूनच आम्हीही रीडिंगपुरती कळ दाबायची आणि लगेच सोडायची.

सांगलीच्या खणभागात वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, इस्त्री तापायची नाही, गिऱ्हाईक खोळंबायचं. त्याच आठवड्यात मी हिशेब मांडला. इस्त्री ७५० वॅटची, २३० व्होल्टची. २३०चा वर्ग भागिले ७५०, रोध साधारण ७०.५ ओहम. दाब १८०वर आला की धारा २.५५ अँपिअर आणि शक्ती उरते ४६० वॅट. दाब पाचव्या हिश्श्यानं घटला, पण उष्णता गेली एक पंचमांश नव्हे, चांगली दोन पंचमांशाच्या आसपास. वडील म्हणाले, "आरं, मग इस्त्रीची चूक न्हाई म्हण की." जाड कापडं त्यांनी दुपारीच उरकायला सुरुवात केली.

पुढं मी वायरिंगच्याच धंद्यात पडलो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते ओसरल्यावर गावभागात घरोघर मेगर, म्हणजे वायरीतून वीज गळते का ते तपासायचं यंत्र, घेऊन फिरत होतो. एका आजींचं घर. "बाळा, आठ दिवस अंधारात हाय, तेवढा बटण दाब." मेगरची मूठ फिरवली, काटा शून्याला चिकटलेला. मल्टिमीटर लावला, २० हजार ओहम. २३० भागिले २० हजार, साडेअकरा मिलिअँपिअर ओल्या भिंतीतून गळणार. एक मेगओहमच्या, म्हणजे दहा लाख ओहमच्या, खाली मी मेन चालू करत नाही. आजींना नको म्हणताना जड गेलं.

एकेक सर्किट सोडवत गेलो. बाकी सगळी बरी निघाली, स्वयंपाकघरातलं एकच खराब. ओट्यामागच्या बोर्डाच्या पाइपात गाळ बसला होता. वायर ओढून काढली, पाइप सुकवला, नवी घातली. तिसऱ्या दिवशी २० मेगओहम आले. मेन ओढला, तेव्हा आजींनी आधी देवघरातला दिवा लावला.

अमृतमहोत्सवानिमित्त आमच्या बॅचनं प्रयोगशाळेला दहा व्होल्टमीटर आणि दहा अमीटर द्यायचं ठरवलंय. आकड्यांचे घ्या, स्वस्त पडतील, असं काहींचं म्हणणं होतं. मी काट्याचेच मागितले. जोड सैल असला की काटा थरथरतो, आणि ते थरथरणं शेवटच्या बाकावरनंही दिसतं.