कुसळांच्या वाट्याची ओळ

मराठीत पाऊस पडला की धरती हिरवा शालू नेसते. शाळेच्या निबंधात आम्हीही तिला तो दरसाल नेसवला. वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघायची कुणालाच गरज वाटली नाही. सोलापूरचा जून म्हणजे भणाण वारा आणि वरून नुसतेच निघून जाणारे ढग. खरी भिस्त उत्तरा आणि हस्तावर. तोवर हिरवं उगवलंच तर टॉवेलाएवढं. टॉवेल आमच्याच गावचा, पण निबंधात शालूच्या जागी टॉवेल लिहून मार्क कोण देणार?

कोकणाशी माझं भांडण नाही. धबधबे, पोफळी, लाल माती, सगळं सुंदरच आहे आणि त्यावर पोटभर लिहूनही झालंय. पण त्यानं आपल्या डोळ्यांना एक खोड लागली. हिरवं दिसलं तर निसर्ग, नाहीतर पडीक. मारुती चितमपल्ली आमच्या सोलापूरचे. २००६ साली इथल्याच साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आयुष्याच्या अखेरीला पुन्हा इथेच येऊन राहिले. पण त्यांच्या लेखणीला मोठं रान मिळालं ते नवेगाव-नागझिऱ्याकडे. नोकरीच वनखात्याची, त्याला ते तरी काय करणार? माळाच्या वाट्याला मात्र तसा लिहिणारा आलाच नाही, असं मला आपलं वाटतं.

माळ म्हणजे बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवरचं नान्नज. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता, म्हणजे त्यात गावंच्या गावं आली. पुढे ते बरंच आकसलं. पक्षी तर त्याहून वेगानं आकसला. मीटरभर उंचीचा हा पक्षी साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. आपल्याला मोकळी जागा दिसली की रोपं लावायला हात शिवशिवतात. रोपाला पाणी घालताना फोटो निघतो. गवत राखलं म्हणून कुणाचा फोटो छापून आलेला मी तरी पाहिलेला नाही.

डिसेंबरात हे गवत सोनेरी होतं. मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये हे शिकारी पक्षी दिवसभर त्यावर खालून-खालून तरंगत फिरतात आणि रात्री त्यातच जमिनीवर मुक्काम करतात. अशाच एका सकाळी मी वाकून गवतात काहीतरी शोधत होतो. बरोबरचा मित्र वैतागला.

"काय बघलालास बे? गवत तर हाय."

मी एक कुसळ उपटून त्याच्या तळहातावर ठेवलं. खाली सुईसारखं टोक, त्यावर उलट्या दिशेचे तपकिरी केस, म्हणजे एकदा घुसलं की मागे सरकायची सोय नाही. वर लांबलचक शेपटी, वाळून पीळ पडलेली. बाटलीतला एक थेंब टाकला. क्षणभर काही नाही. मग पीळ उलगडायला लागला आणि कुसळ हातावर आपोआप गोल फिरलं. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो. असं फिरत फिरत ते आपलं बी स्वतःच जमिनीत पेरतं, ना नांगर ना पाभर. एवढी करामत अंगात असून मराठीत कुसळाला जागा मिळाली ती म्हणीत. तीही दुसऱ्याच्या डोळ्यात, आणि मुसळाच्या शेजारी!

मित्रानं दुसरा थेंब टाकला. मग तिसरा.

"पोरीला दाखवतो. दोन-चार घिऊ का घरी?"

वेगळी घ्यायची गरजच नव्हती. त्याच्या दोन्ही मोज्यांत ती आधीच जाऊन बसली होती.