शेतकऱ्याच्या पोरीला विझार्ड व्हायचंय

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं खेळायचा खेळ. त्याच्या नव्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूच्या नियमपुस्तकात, सोळा बॅकग्राउंड दिलेत आणि त्यातलं एक आहे फार्मर. इथं अमेरिकेत आमच्या टेबलानं, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटानं, शेवटी २०१४ ची पुस्तकं बाजूला ठेवून २०२४ च्या नियमांवर जायचं ठरवलं, सगळे नवीन कॅरेक्टर बनवायला बसलो, आणि मी त्या एका पानावर जी अडकले ती अजून तिथंच आहे. ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही त्यांनीही वाचा, खेळ माहीत नसला तरी शेतकऱ्याचं घर तुम्हाला माहितीय.

थोडक्यात सांगते. कॅरेक्टरला सहा आकडे असतात: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विझडम, करिझ्मा. आकडे मांडून झाले की वर तीन पॉइंट वाढवून मिळतात. पूर्वी ते वंशावरून ठरायचे, एल्फ असला की चपळ, हाफ-ऑर्क असला की दांडगा. जन्मावरून गुण ठरवू नका असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते आणि ते बरोबरच होतं, म्हणून २०२० च्या एका पुरवणीत हे पॉइंट कुठंही लावायची मोकळीक दिली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. आता २०२४ मध्ये ते वंशावरून पूर्ण काढले आणि ठेवले कुठं, तर बॅकग्राउंडवर, म्हणजे तुम्ही खेळात उतरण्याआधी काय करत होता त्यावर. प्रत्येक बॅकग्राउंडला तीनच गुण, पॉइंट लावायचे ते त्या तिघांतच. फार्मरचे तीन म्हणजे स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन आणि विझडम. इंटेलिजन्स नाही. आणि विझार्ड, म्हणजे अभ्यास करून जादू शिकलेला, चालतो तो इंटेलिजन्सवर.

शिवाय प्रत्येक बॅकग्राउंडसोबत एक फीट, म्हणजे खास करामत, फुकट येतं. सेज म्हणजे अभ्यासक असेल तर त्याला मॅजिक इनिशिएट मिळतं, पहिल्याच दिवशी थोडी जास्तीची जादू हातात. फार्मरला मिळतं टफ, दर लेव्हलला दोन हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, जास्त. म्हणजे अभ्यासकाच्या पोराला विद्या, आणि शेतकऱ्याच्या पोरीला मार खायची ताकद. मी हे टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं तर सगळे नुसते बघत बसले, कुणाला त्यात काही खटकलंच नाही. एक कॉलेजातला मुलगा आहे आमच्यात, चांगला मुलगा, तो म्हणाला की मग सेज घे ना, विझार्डला तेच ऑप्टिमल आहे. अरे पण मला सेज नकोय! मला माण तालुक्यासारख्या कोरड्या मुलखातली पोरगी हवीय, जिनं सकाळी धारा काढल्या, दुपारी पाणी धरलं आणि रात्री कंदिलाखाली अक्षरं गिरवली, आणि ती जादू शिकलीय.

असं कोण असतं, असं मला तिथं कुणी विचारलं नाही, पण चेहरे तसे होते. असतं ना. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या आजोबांची, आणि ती शेतात राबतच मिळवलेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं कमवा आणि शिका योजनेत पोरं श्रम करून फी भागवायची आणि त्याच हातानं पेपर लिहायची. आमच्याकडं हे अपवाद म्हणून कुणी सांगत नाही, निम्म्या जिल्ह्याचं घरचं आहे. त्यामुळं शेती आणि बुद्धी या दोन गोष्टी एका पानावर मावत नाहीत असं एखादं पुस्तक छापून सांगतं तेव्हा माझं डोकं फिरतं, आणि फिरायलाच पाहिजे असं मला वाटतं.

त्यावर एकजण म्हणाला, आणि तोही वाईट हेतूनं नाही, की तुमच्याकडं तर जातिव्यवस्था आहे ना, मग तुला हे एवढं का लागतंय. राग आला, खरं सांगते. परदेशात राहिलं की आपल्या देशाबद्दलचं एक वाक्य लोकांच्या खिशात कायम तयार असतं. मी म्हटलं, हो आहे, आणि बापाच्या कामावरून पोराची अक्कल ठरवायची पद्धत मी जवळून बघितलीय म्हणूनच ती पुस्तकात आली की मला लगेच ओळखू येते, तुम्हाला येत नाही. वंश काढला आणि धंदा बसवला, यात नेमकी प्रगती काय झाली ते मला समजावून सांगा. कुणी सांगितलं नाही.

आता हिशोबाचं बोलू, कारण "फरक किती पडतो" हे मला प्रत्येकजण ऐकवतो. फासे न टाकता ठरलेले आकडे घेतले तर सुरुवातीचा सगळ्यात मोठा आकडा १५. सेज घेतला तर इंटेलिजन्स १७ होतो, बोनस, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, तीन. फार्मर घेतली तर १५ च राहतो, बोनस दोन. वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक म्हणजे पाच टक्के. आणि तिच्या जादूपासून वाचायला शत्रूला १३ ऐवजी १२ च लागतात. दिसायला किरकोळ आहे, मान्य, पण हे पाच टक्के प्रत्येक हल्ल्यात, प्रत्येक स्पेलला म्हणजे मंत्राला, पुढच्या कितीतरी लेव्हल तुमच्यासोबत चालत राहतात, आणि नवीन खेळणारी मुलं हे अचूक हेरतात. कुणी त्यांना मनाई करत नाही, ती आपली आपणच फार्मर-विझार्ड बनवणं सोडून देतात. माझा खरा आक्षेप हा आहे. पुस्तकात जे आधीपासून भरून दिलेलं असतं तेच बहुतेक लोक घेतात, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) बदलू शकतो वगैरे ठीक आहे, पण बारा वर्षांची पोरगी पहिल्यांदा पुस्तक उघडते तेव्हा तिला डीएमशी भांडता येत नाही.

मी ज्या भागात राहते तिथं हे सगळं आणखीनच टोचतं, कारण हा खेळ जन्मला तोच इथं. मिलवॉकीपासून गाडीनं तासाभरावर लेक जिनिव्हा आहे, विस्कॉन्सिनमधलं तळ्याकाठचं छोटं गाव. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा पहिला डी अँड डी तिथून निघाला, पहिल्या खेपेला हजार खोकी, हातानं भरलेली, दहा डॉलरला एक. आणि हा गायगॅक्स कोण? हायस्कूल अर्धवट सोडलेला माणूस. विम्याच्या कंपनीतली नोकरी गेली आणि मग घरात बूट दुरुस्त करून संसार चालवायचा, आणि रात्री नियम लिहायचा. माझ्या दृष्टीनं या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. आर्टिझन बॅकग्राउंडला इंटेलिजन्स मिळतो हे मला माहितीय, कुणी कॉमेंटमध्ये सांगायची गरज नाही. पण बूट शिवणाऱ्याला बुद्धी असते आणि नांगर धरणाऱ्याला नसते, ही रेघ कुणी आणि कशावर ओढली?

जुनं सगळं सोनं होतं असंही मी म्हणत नाहीये. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात बायकांच्या ताकदीला कमाल मर्यादा होती, मानवी पुरुष १८/०० (इथं ०० म्हणजे शंभर) पर्यंत जाऊ शकायचा आणि बाई १८/५० ला थांबायची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते गेलं. म्हणजे नियम बदलतात, बदलायलाच हवेत, आणि मी त्याच बदलांची लाभार्थी आहे. म्हणून तर नवीन पुस्तकाकडून माझी अपेक्षा जास्त आहे.

बाकी नियमांबद्दल विचाराल तर बरेचसे आवडलेत. वेपन मास्टरीनं, म्हणजे हत्यारागणिक एक खास करामत, फायटरला म्हणजे लढवय्याला पहिल्यांदा काहीतरी करायला मिळालं, वॉरहॅमरनं दहा फूट ढकल, ग्रेटसोर्डचा वार हुकला तरी थोडं लागतंच. फक्त मॉलसारख्या हत्यारांचं टॉपल, म्हणजे शत्रूला आडवं पाडणं, प्रत्येक फटक्याला सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, मागतं आणि टेबल रेंगाळतं. क्युअर वूंड्स या जखमा भरायच्या स्पेलला आता एकाऐवजी दोन आठबाजूचे फासे, हे दहा वर्षं आधीच करायला हवं होतं. पॅलाडिनचा, म्हणजे धर्मयोद्ध्याचा, स्माइट हा जोरदार वार आता बोनस ॲक्शनचा स्पेल झाला म्हणून खूप आरडाओरडा झाला, मला त्याचं काही वाटत नाही. बॅस्टियन म्हणजे स्वतःचा गढी-वाडा बांधायचे नियम, ते आमच्या टेबलाला फार आवडले.

तर त्या दिवशी. आमची डीएम सत्तरीची आहे, निवृत्त शिक्षिका, लहानपण डेअरी फार्मवर गेलेलं. सगळे तिला नावानंच हाक मारतात, मीही मारते, इथं तीच रीत, पण मनात मी तिला मावशीच म्हणते. आम्ही खेळतो ते गावच्या सार्वजनिक लायब्ररीत, खोली फुकट मिळते, नुसतं नाव नोंदवायचं, आणि याबाबतीत इथल्या लोकांना माझा मनापासून सलाम आहे, आपल्याकडं चार जणांना चार तास बसायला जागा म्हणजे कुणाच्या तरी आईची परवानगी. मावशींनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, माझे वडील पहाटे चारला गोठ्यात असायचे आणि पूर्ण कळपाच्या दुधाचा हिशोब पेन्सिल न लावता करायचे. मग पिशवीतून त्यांचं २०१४ चं जुनं हँडबुक काढलं, त्यातलं फोक हीरो हे बॅकग्राउंड उघडलं आणि नव्या पुस्तकातली एक छोटी चौकट माझ्यासमोर ठेवली. जुन्या पुस्तकातलं बॅकग्राउंड वापरलं तर पॉइंट कुठंही लावा, आणि ओरिजिन फीटही, म्हणजे बॅकग्राउंडसोबतचं ते फुकटचं फीट, हवं ते घ्या, असं तिथं छापलेलं आहे!

फोक हीरो ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल, गावकऱ्यांतून आलेला, आणि गावकरी त्याला घरात लपवतात, जेवू घालतात. नव्या पुस्तकात ते बॅकग्राउंडच नाही. आता माझी पोरगी फोक हीरो आहे, इंटेलिजन्स १७, मॅजिक इनिशिएट, आणि पाठीवर विळा. नियमात बसवून.

मला आनंद झाला, त्या बाईंच्या मायेनं तर भरूनच आलं, पण घरी येताना परत तोच विचार. ज्याच्याकडं जुनं पुस्तक आहे त्याला मोकळीक, आणि ज्यानं फक्त नवीन घेतलं, पन्नास डॉलर मोजून, तो त्या तीन गुणांत अडकलेला. स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची रीत आहे, पण ती डंजन मास्टर्स गाइडमध्ये टाकलीय, म्हणजे आणखी पन्नास डॉलर. २०१४ ला ती खेळाडूच्याच पुस्तकात होती. आणि आता पुरवण्या सुरू झाल्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये फेरून या खेळातल्या काल्पनिक मुलखाची दोन पुस्तकं आली, त्यात नवीन बॅकग्राउंड, नवीन फीट. पुरवण्यांना माझा विरोध नाही, नवीन प्रदेश द्या, नवीन राक्षस द्या, मी घेईन. पण माणूस कोण असू शकतो हे पुरवणीत विकू नका.

माझं यात एवढं मन का अडकलंय ते पुण्याच्या दिवसांमुळं. इंजिनिअरिंगला असताना २००३ च्या सुमारास साडेतीन आवृत्तीचं हँडबुक तीस डॉलरला होतं, म्हणजे तेराशे-चौदाशे रुपये, आमचे मेसचे महिन्याचे पैसे. पण २००० साली खेळ काढणाऱ्या कंपनीनं ओपन गेम लायसन्स, म्हणजे नियम कुणालाही वापरू देणारा परवाना, आणलं होतं आणि नियमांचा मोठा भाग एसआरडी या नावाच्या संचात फुकट नेटवर ठेवला होता. आम्ही तो सायबर कॅफेतून छापला, झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलं, सगळं कायद्यानं. त्यात एक्सपीचा, म्हणजे अनुभवाच्या गुणांचा, तक्ताच नव्हता, तो मुद्दाम गाळलेला, मग आम्ही आमचा बनवला. वीस बाजूंचा फासा मिळेना तर स्टीलच्या डब्यात वीस चिठ्ठ्या. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये ते लायसन्स मोडीत काढायची बातमी फुटली तेव्हा मी रात्रभर जागी होते. जगभरच्या खेळाडूंनी लावून धरलं, कंपनीनं माघार घेतली, आणि त्याच महिनाअखेरीस एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात आला, जो आता कुणालाच परत घेता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा ५.२ पण तसाच आला. या एका गोष्टीसाठी मी त्यांचे शंभर गुन्हे माफ करते.

फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्ये ५.१ अधिकृत निघाला. मराठीत काढायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त मूळ श्रेय द्यायचं. माझी भाची साताऱ्यात सातवीत आहे, तिच्यासाठी मी ५.२ मराठीत लिहायला घेतलाय. कॅरेक्टर बनवायचा भाग झालाय, स्पेल चालू आहेत, राक्षस सगळे बाकी आहेत. ५.२ मध्ये बॅकग्राउंड चारच आहेत, ॲकोलाइट, क्रिमिनल, सेज आणि सोल्जर. त्यात मी माझी घालतेय: शेतकरी, ऊसतोड, मेंढपाळ, कुंभार, तमाशातली नाची. प्रत्येकाला कौशल्यं त्याच्या कामाची, आणि तीन पॉइंट सहापैकी कुठंही.

ज्यांना हात लावायचाय त्यांनी कळवा. राक्षसांना माणसं हवीत, आणि ज्यानं स्वतः खेळवलंय असा कुणीतरी तपासायलाही हवाय.