कठडा किती लांब आहे?

"कठडा रस्त्यापासून किती लांब आहे गं?"

न्युरबुर्गरिंगच्या रेसट्रॅकवरच्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीचा व्हिडिओ घरी पाठवला, तेव्हा बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न हा. गाडी कुठली, जिंकलं कोण, हे काहीच नाही. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली, त्यातली कितीतरी वर्षं वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात. त्यांची नजर आधी रस्त्याच्या कडेला जाते. मी म्हटलं, "काही ठिकाणी चार-पाच पावलं फक्त." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग तिथे रेषेबाहेर न जाण्याचा नियम कशाला लागतो?"

तो प्रश्न डोक्यातून गेलाच नाही.

मी राहते आखेनला, जर्मनीच्या पार पश्चिम टोकाला. इथून गाडीने दीड तासावर न्युरबुर्गरिंग आणि बेल्जियमची हद्द ओलांडून तासाभरात स्पा-फ्रँकोरशाँचा ट्रॅक. दोन्हीकडे दर वर्षी चोवीस तासांची शर्यत होते. गेली काही वर्षं मी दोन्हीकडे जाते आणि आता मला गाड्यांपेक्षा डांबराच्या काठावर काय आहे तेच जास्त दिसतं.

नियम सोपा आहे. ट्रॅकच्या दोन्ही कडांना पांढरी रेषा असते. रेषा ट्रॅकचा भाग, तिच्या बाहेरचा लाल-पांढरा कर्ब, म्हणजे वळणाच्या कडेचा बुटका उंचवटा, मात्र नाही. गाडीचं एक चाक जरी रेषेवर असलं तरी चालतं. चारही चाकं पलीकडे गेली की गाडी बाहेर. बाहेरून गेल्यामुळे वळण जास्त वेगात घेता आलं, तर ती चोरीच. सरावात अशी फेरी रद्द होते. शर्यतीत आधी ताकीद मिळते, मग काळा-पांढरा झेंडा आणि त्यानंतर दंड.

सोपा नियम पाळून घेणं किती अवघड, हे 2023 साली ऑस्ट्रियातल्या फॉर्म्युला वनने दाखवलं. एका शर्यतीत रेषा ओलांडल्याच्या बाराशेहून जास्त तक्रारी तपासायला आल्या आणि शर्यत संपून काही तास झाल्यावर निकाल बदलला. ती शर्यत दीड तासाची होती आणि गाड्या वीस. आता स्पाचे चोवीस तास, साठ-सत्तर गाड्या, प्रत्येक गाडीत आळीपाळीने बसणारे तीन-चार चालक, आणि त्यांतले काही हौशी, एवढं डोळ्यांपुढे आणा. पहाटे तीन वाजता रेस कंट्रोलमध्ये पडद्यांसमोर बसलेल्या माणसाला, पावसात, हेडलाइटच्या झोतात, चौथं चाक रेषेवर होतं की बोटभर बाहेर, हे सांगायचं असतं. आणि त्याच्या एका शब्दावर कुणाची तरी वर्षभराची मेहनत अवलंबून.

नोर्डश्लायफेवर, म्हणजे न्युरबुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, हा प्रश्न फारसा उरतच नाही. हा जुना रस्ता जवळपास 21 किलोमीटरचा, आयफेलच्या जंगलातून चढत-उतरत जाणारा, 1927 साली सुरू झालेला. चोवीस तासांच्या शर्यतीत त्याला नवा ग्राँप्री ट्रॅक जोडतात आणि एक फेरी 25 किलोमीटरची होते. शंभराहून जास्त गाड्या धावतात, सर्वांत वेगवान जीटी-थ्री स्पोर्ट्स कारपासून घरगुती दिसणाऱ्या छोट्या गाड्यांपर्यंत. ग्राँप्रीच्या भागात वळणाबाहेर डांबराचं मैदानच्या मैदान आहे, तिथे रेषेवर नजर ठेवावी लागते. पण जंगलात शिरलं की कर्ब, मग अरुंद गवताची पट्टी, आणि लगेच पत्र्याचा गार्डरेल. ओल्या गवतावर दोन चाकं गेली की पुढचं चालकाच्या हातात राहत नाही.

हे कठडेही आपोआप आलेले नाहीत. 1970 साली फॉर्म्युला वनच्या चालकांनी इथे धावायला नकार दिला, कारण तेव्हा कडेला झाडं, झुडपं आणि खड्डे होते. त्या वर्षी शर्यत होकेनहाइमला गेली. इथे गार्डरेल बसवल्यावर 1971 साली ती परत आली. म्हणजे हा पत्रा चालकांनीच मागून घेतलेला आहे, झाडापेक्षा बरा म्हणून.

एका रविवारी सहकाऱ्याच्या गाडीत बसून मी इथे एक फेरी मारली. पैसे भरले की सामान्य माणसालाही इथे स्वतःची गाडी चालवता येते. गार्डरेल वाकवला तर त्याचं बिल आपल्याला येतं. सहकारी बेताने चालवत होता, तरी फुक्सरोअरच्या उतारावर मी दार घट्ट धरून बसले होते. टीव्हीवर तो पत्रा चित्राची चौकट वाटतो. आतून तो सतत खांद्याशी असतो.

बाबांचं म्हणणं बरोबर निघालं, असं मला तेव्हा वाटलं. कठडा जवळ आणा, माणूस आपोआप रेषेत राहील.

पण मग स्पा पाहिलं. तिथल्या ओ रूज नावाच्या वळणातून रेदियोंच्या चढावर जाताना समोर रस्ता नाही, नुसतं आभाळ दिसतं. तिथे वर्षानुवर्षं जीटीवाले डावीकडचा कर्ब कापत आणि वर बाहेर पसरत. बाहेर जागा होती, पण तिच्या मागचा अडथळा इतका जवळ की आपटलेली गाडी उसळून पुन्हा ट्रॅकवर यायची, आणि मागून येणाऱ्याला ती चढामुळे दिसायची नाही. 31 ऑगस्ट 2019 रोजी फॉर्म्युला टूच्या शर्यतीत अँतुआन उबेर हा चालक इथेच अपघातात दगावला. 2021 च्या चोवीस तासांच्या शर्यतीत सुरुवातीलाच इथे अनेक गाड्यांचा अपघात झाला, आणि जॅक एटकिनचा मणका आणि गळपट्टीचं हाड मोडलं. जवळचा कठडा सरळ चालवणाऱ्यालाही मारू शकतो, हे मी या वळणावर उभी राहून समजून घेतलं.

2022 पर्यंत स्पावाल्यांनी अडथळे मागे सरकवले, मोकळी जागा वाढवली आणि रेदियोंसह काही वळणांवर पुन्हा खडी टाकली. खडीची गरज मोटरसायकलवाल्यांनाही होती. घसरत जाणाऱ्या माणसाला डांबर थांबवत नाही, खडी थांबवते.

एके काळी हीच खडी काढून डांबर घातलं होतं, तेही सुरक्षिततेसाठीच. गाडी आडवी होऊन खडीत रुतली तर उलटते. डांबरावर ब्रेक तरी लागतो. पण डांबर दिलं की ते वापरलं जातं. मग पिवळे, जाड, सॉसेजसारखे कर्ब आले, कापणाऱ्याला हिसका बसावा म्हणून. मला त्यांचा राग आहे. 2019 साली मोंझाला फॉर्म्युला थ्रीत अॅलेक्स पेरोनीची गाडी अशाच कर्बवरून हवेत उडाली, त्याचा मणका मोडला. 2021 साली ऑस्टिनला अॅबी ईटनच्या पाठीचंही तेच झालं. चूक एका हाताची, शिक्षा मणक्याला. हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

माझं मत आता ठरलं आहे. साध्या, उतरत्या कर्बच्या मागे लगेच खडीचा पट्टा, आणि कठडा त्याच्या बराच पलीकडे. ऑस्ट्रियानेही 2024 साली शेवटच्या दोन वळणांवर खडीच टाकली. चोवीस तासांच्या शर्यतीत खडीचा त्रासही होतो, हे खरं. कुणीतरी बाहेर जातो, परत येताना खडे ट्रॅकवर ओढून आणतो, आणि मागच्याचा टायर फाटतो. तरी लांब शर्यतीत खडी जो हिशेब करते, तो कॅमेऱ्याला जमत नाही. बाहेर गेलेल्याचे सेकंद तिथेच जातात, पहाटे निकालासाठी कुणाला थांबावं लागत नाही. कर्बचंही तेच. जोरात घेतलेला प्रत्येक कर्ब सस्पेन्शनमध्ये साठत जातो, म्हणून इंजिनिअर रेडिओवर सांगतात, कर्बपासून लांब राहा, गाडी उद्या दुपारपर्यंत न्यायची आहे.

बाबांना रेदियोंच्या खडीचा फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला असावा, कारण फोन दुसऱ्या दिवशी आला.

"खडी झाली. कठडा कुठाय?"

"आहे बाबा. पार मागे, टायरच्या थप्पीमागे."

"मग ठीक."