किती गोष्टी मानल्या?

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटचा तास गणिताच्या सरांचा. त्या तासाला पुस्तक दप्तरातच राही. सर फळ्यावर एक कोडे लिहीत आणि कुणी उत्तर दिले की त्यांचा प्रश्न ठरलेला: "यासाठी किती गोष्टी मानल्या?" उत्तर बरोबर की चूक, ते त्यानंतर. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचे तर याच प्रश्नाबद्दल लिहावे असे वाटले.

एकदा फळ्यावर होते २, ४, ६, ८. पुढे काय? सगळा वर्ग ओरडला, "१०!" आमच्यातला एक फार हुशार मुलगा उठून म्हणाला, "सर, ३४ पण येते." त्याने सूत्र मांडले. पदाचा क्रमांक न धरा. मग २न + (न−१)(न−२)(न−३)(न−४). पहिल्या चार पदांना एक ना एक कंस शून्य होतो, म्हणून २, ४, ६, ८ जसेच्या तसे राहतात. पाचव्या पदाला १० मध्ये २४ मिळतात. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि विचारले, "२४ ऐवजी २४० मिळवता येतील का रे?" येतील, कंसांना १० ने गुणले की झाले. "म्हणजे तुझं सूत्र हवं ते उत्तर देतं. दोन-दोनने वाढतात म्हणणाऱ्याला ती सोय नाही. त्याचं चुकलं, तर पुढच्याच आकड्याला कळेल."

साध्या स्पष्टीकरणाचे बळ हेच, असे मी आजही मानतो. ते सोपे असते म्हणून नव्हे, त्याला पळवाट नसते म्हणून ते आधी तपासायचे.

सर कोडी नागपुरातूनच उचलत. मे महिन्यात गारेगार हवा देणारा कूलर पाऊस सुरू झाला की निकामी का होतो? कुणी म्हणाले गवत कुजले, कुणी मोटर गेली, कुणी व्होल्टेज कमी. "काहून रे, साऱ्या मोहल्ल्याच्या मोटरी एकाच आठवड्यात गेल्या?" कारण एकच होते. हवाच दमट झाली की गवतावरचे पाणी उडत नाही, आणि पाणी उडाले नाही तर गारवा कुठून येणार?

चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज संन्याशाच्या नावाने, कमीत कमी गोष्टी मानणारे स्पष्टीकरण आधी तपासायचे, हा विचार ओळखला जातो, हे पुढे कॉलेजात कळले. खगोलशास्त्रातले उदाहरणही तिथेच वाचले. युरेनस गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी एकच न दिसलेला ग्रह मानला, तो कुठे असेल तेही सांगितले आणि १८४६ मध्ये तिथेच जवळ नेपच्यून सापडला. बुधाच्या चालीतल्या फरकासाठी त्यांनी तसाच व्हल्कन ग्रह मानला, पण तो काही सापडला नाही. त्या फरकाचे उत्तर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताने दिले.

सरांचे सगळ्यांत आवडते कोडे मात्र वर्तुळाचे. खडूला दोरा बांधून ते फळ्यावर मोठे वर्तुळ काढत. त्यावर बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी रेषेने जोडायचा आणि आतले भाग मोजायचे. एका बिंदूला १ भाग, मग २, ४, ८, १६. सहा बिंदूंना ३२, हे सगळ्यांनी न मोजताच सांगितले. मोजले तर ३१! दुपटीचा साधा नियम तिथल्या तिथे पडला, आणि सरांचा चेहरा खुलला. मग त्यांनी त्याहून नेमके कारण दाखवले. सुरुवातीला एक भाग असतोच. प्रत्येक रेषा एक भाग वाढवते आणि रेषांचा प्रत्येक छेद आणखी एक. सहा बिंदूंना १५ रेषा, १५ छेद आणि मूळचा १.

शाळेतल्या आजच्या मुलामुलींनी सात बिंदू घेऊन बघावे. आतल्या कोणत्याही ठिकाणी तीन रेषा एकत्र येऊ द्यायच्या नाहीत, एवढे सांभाळा. ५७ भाग यायला हवेत. पण मोजल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका.